ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये, मशिन इंचात – रूपांतर करताना दोन जॉब वाया गेले, नेमकं कुठे चुकतंय?

नवा_टर्नर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय. माझ्याकडे एक जुनी छोटी लेथ आहे आणि एक टेबलावरची मिलिंग-ड्रिलिंग मशिन, दोन्हींच्या डायल इंचात आहेत, एक रेघ म्हणजे एक थाउ (इंचाचा हजारावा भाग). आणि मला जी ड्रॉइंग मिळतात ती झाडून सगळी मिलिमीटरमध्ये. म्हणजे दर मापाला कॅल्क्युलेटर काढा, आकडा कागदावर उतरवा, मग डायल फिरवा असं चाललंय आणि त्यात दोन जॉब गेले.

पहिला जॉब ॲल्युमिनियमची पट्टी, एका रांगेत ९ भोकं, दोन भोकांमधलं अंतर १८ मिमी. माझ्याकडे भिंतीवर एक तक्ता लावलाय त्यात १८ मिमीसमोर ४५/६४ इंच आहे, तेवढं अंतर डिव्हायडरमध्ये पकडून एकापुढे एक खुणा केल्या, पंच मारला, ड्रिल केलं. पहिली तीन-चार भोकं समोरच्या पार्टशी नीट जुळली आणि शेवटचं चांगलं मिलिमीटरभर आत. पट्टी भंगारात.

दुसरा जॉब शाफ्ट, ६२०५ बेअरिंग बसवायचंय, म्हणजे बोअर (आतलं भोक) २५ मिमी. २५ भागिले २५.४ केलं, ०.९८४२५ आलं, मी ०.९८४ धरून टर्न केलं. डिजिटल व्हर्निअर इंचावर ठेवून बघितलं, बरोबर ०.९८४० दाखवत होता. आणि बेअरिंग हाताने सरकवलं की सरकतंय, पकड म्हणून नाही. आकडा तर बरोबर आहे ना मग?

अजून एक, कोणी सांगतं ०.०३९३७ ने गुणा, कोणी सांगतं २५.४ ने भागा, एकाने तर सांगितलं ०.०४ ने गुण काम होतं. खरं काय धरायचं? दशांशानंतर किती आकडे ठेवायचे? आणि सुतारकामाच्या मापाला अपूर्णांक पटकन कसे काढता तुम्ही लोक? जरा सविस्तर सांगा प्लीज, घाई नाहीये.

---

जुना_लेथवाला

मित्रा आधी पट्टीचं सांगतो कारण ही चूक मी स्वतः पण केलेली आहे आणि बहुतेक सगळ्यांनी एकदा केलेली असते.

४५/६४ इंच म्हणजे १७.८५९ मिमी, १८ नाही. तक्ता खोटा नाहीये, ६४ च्या भागात १८ मिमीला सगळ्यात जवळचा आकडा तोच आहे. पण दर अंतराला तू ०.१४१ मिमी कमी जात होतास. ९ भोकं म्हणजे ८ अंतरं, ८ वेळा ०.१४१ केलं की सव्वा मिलिमीटरला थोडं कमी, नेमकं १.१२५ मिमी. तुझं शेवटचं भोक जेवढं आत आलं तेवढंच. पहिली भोकं जुळली कारण तिथे चूक अजून साठलेली नव्हती आणि भोकात थोडा ढिलेपणा होता त्यात ती लपली.

यावर उपाय म्हणजे जास्त बारीक तक्ता आणायचा असं नाही. उपाय हा की अंतराचं रूपांतर करायचंच नाही, ठिकाणाचं करायचं. पहिलं भोक शून्य धर आणि प्रत्येक भोक शून्यापासून किती मिमीवर आहे ते आधी मिमीमध्येच लिही, १८, ३६, ५४, ७२, ९०, १०८, १२६, १४४. मग त्या प्रत्येकाला स्वतंत्र २५.४ ने भाग. ०.७०९, १.४१७, २.१२६, २.८३५, ३.५४३, ४.२५२, ४.९६१, ५.६६९. आता प्रत्येक भोकाची चूक फार तर अर्धा थाउ आणि ती पुढच्याला जात नाही. हेच तू ०.७०९ आठ वेळा मिळवत गेला असतास तर ५.६७२ वर पोचला असतास, म्हणजे सात शतांश मिमी पुढे. तीन दशांश घेऊनसुद्धा. रूपांतर एकदाच करायचं, बेरीज वजाबाकी सगळी ड्रॉइंगच्या युनिटमध्ये उरकून मग शेवटी.

आणि तुझ्याकडे डायलवाली मिलिंग मशिन असताना डिव्हायडर कशाला घेतलास, टेबल सरकवून डायलवरच भोकं मार की. फक्त एकाच दिशेने जा, मागे यायची वेळ आली तर अर्धा फेरा जास्त मागे येऊन परत पुढे ये, नाहीतर स्क्रूचा बॅकलॅश (दिशा बदलताना तो जेवढा सैल फिरतो तेवढा ढिलेपणा) आहे तो खातो माप.

०.०४ विसरून जा. १४४ ला ०.०४ ने गुणलंस तर ५.७६ येतं, म्हणजे १४६.३ मिमी. अंदाज घ्यायला ठीक, की अरे साधारण पावणेसहा इंचाचा तुकडा लागेल, मटेरियल काढून ठेव. मशिनवर तो आकडा आणायचा नाही. ०.०३९३७ ने गुणणं आणि २५.४ ने भागणं दोन्ही वर्कशॉपसाठी एकच, फरक दहा लाखात दोन. पण मी २५.४ च सांगेन कारण तो पूर्ण आकडा आहे, पुढे काही लपलेलं नाही, आणि लक्षात राहतो.

शाफ्टचं मोजमाप ताई सांगतील, त्यांचा विषय आहे तो.

---

मोजमाप

लेथवाले काका थँक्यू 🙂 सांगते.

आधी ते २५.४ चं पूर्ण करते कारण बऱ्याच जणांना वाटतं की हा गोल केलेला आकडा आहे. तो गोल केलेला नाही, व्याख्याच आहे. १ जुलै १९५९ पासून अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका यांनी एक यार्ड म्हणजे बरोबर ०.९१४४ मीटर असं ठरवलं, त्याला ३६ ने भागलं की इंच बरोबर २५.४ मिमी. त्याआधी अमेरिकेत १ मीटर = ३९.३७ इंच असं धरायचे (ते १८९३ पासून), त्या हिशोबाने इंच २५.४०००५०८ असा काहीतरी यायचा नि ब्रिटिश इंच २५.४ पेक्षा केसभर लहान होता. ०.०३९३७ वाला आकडा त्या जुन्या व्याख्येतून आलाय. गंमत म्हणजे कारखान्यांनी २५.४ आधीच वापरायला घेतला होता, स्वीडनचे योहान्सन, ज्यांनी गेज ब्लॉक (माप तपासायचे नेमक्या मापाचे ठोकळे) आणले, त्यांनी आपले इंचाचे ब्लॉक २५.४ धरूनच बनवले. म्हणजे कागदावर नंतर आलं, हातात आधी होतं.

आता शाफ्ट. इथे चूक भागाकारात नाहीये. नवा_टर्नर तुम्ही "२५ मिमी" चं रूपांतर केलंत, पण ड्रॉइंगवर नुसतं २५ नसणार, २५ च्या पुढे बारीक अक्षरात काहीतरी असेल, बेअरिंगच्या फिरणाऱ्या शाफ्टला बहुतेक वेळा के६ असतं. नीट बघा. २५ के६ म्हणजे शाफ्ट २५.००२ ते २५.०१५ मिमी या मध्ये हवा. बेअरिंगचा बोअर उलट २५.००० ते २४.९९० मध्ये असतो, साध्या क्लासच्या. म्हणजे शाफ्ट बोअरपेक्षा कायम किंचित मोठा, म्हणून पकड येते. तुमचा ०.९८४ म्हणजे २४.९९३६. काही बोअरमध्ये तो ढिलाच जाणार.

आता यातली खरी मेख बघा. या दोन मर्यादा इंचात आणल्या तर

२५.००२ → ०.९८४३३
२५.०१५ → ०.९८४८४

तीन दशांशांत यांच्या मध्ये एकही आकडा बसत नाही! ०.९८४ घ्या, लहान पडतो. ०.९८५ घ्या, २५.०१९ होतो, मोठा पडतो. म्हणजे तीन आकड्यांवर थांबलात तर तुम्ही कितीही चांगले टर्नर असा, तो शाफ्ट बरोबर होणं शक्यच नाही. चार आकडे घ्यावेच लागतात, आणि ते घेतानाही गोल करायचं ते आतल्या बाजूला. खालची मर्यादा वर ढकलायची, ०.९८४४. वरची खाली ढकलायची, ०.९८४८. नेहमीसारखं "पाचच्या वर गेलं की वाढवा" केलंत तर खालची ०.९८४३ होईल आणि ती २५.००१२ आहे, ड्रॉइंगच्या बाहेर. मर्यादांचं रूपांतर वेगळं आणि साध्या आकड्याचं रूपांतर वेगळं, हे डोक्यात बसलं की निम्मे घोळ संपतात.

किती आकडे ठेवायचे त्याचा माझा अंदाज असा, तीन दशांशांवर गोल केलं की जास्तीत जास्त अर्धा थाउ इकडे तिकडे, म्हणजे ०.०१२७ मिमी. ड्रॉइंगवर ±०.१ असेल तर काही बिघडत नाही. ±०.०२ असेल तर अर्ध्याहून जास्त टॉलरन्स (चालणारा फरक) तुम्ही कॅल्क्युलेटरवरच खर्च केलात, टूल जॉबला लागायच्या आधी. तिथे चार.

आणि तो डिजिटल व्हर्निअर. मिमीवर तो ०.०१ ने सरकतो, इंचावर ०.०००५ ने, म्हणजे इंचावर त्याची एक पायरी ०.०१२७ मिमीची होते. के६ चा अख्खा टॉलरन्स आहे १३ मायक्रॉन, म्हणजे ०.०१३ मिमी. एका पायरीत सगळं संपलं, शिवाय व्हर्निअरची स्वतःची चूक साधारण ०.०२ ती वेगळी. बेअरिंगच्या मापाला व्हर्निअर वापरायचा नाही, मायक्रोमीटर घ्या आणि मिमीचा घ्या. ०-२५ चा नको, तो २५ लाच संपतो, २५-५० चा लागेल, आणि त्याचं शून्य सोबतच्या २५ च्या स्टँडर्डवर आधी तपासा. मशिन इंचाची आहे म्हणून माप इंचातच घ्यायचं असं कुठे लिहिलंय? डायल फक्त किती कापायचं ते सांगते. जॉब किती झाला ते मायक्रोमीटर सांगतो, तो ड्रॉइंगच्या भाषेत असला की रूपांतर फक्त उरलेल्या कटचं उरतं, आणि उरलेला कट छोटा असतो त्यामुळे चूकही छोटी.

शेवटचं, टर्निंग झाल्या झाल्या गरम जॉब मोजू नका. स्टील एका मीटरला एका अंशाला साडेअकरा मायक्रॉन वाढतं. २५ मिमीचा शाफ्ट खोलीपेक्षा ३० अंशांनी गरम असेल तर जवळजवळ ९ मायक्रॉन जाड दिसतो, १३ मधले ९ गेले. थंड झाल्यावर तो परत लहान. सगळी मापं २० अंश सेल्सिअसला धरलेली असतात, आपल्याला तितकं नेमकं जमत नाही पण निदान जॉब आणि मायक्रोमीटर दोन्ही एकाच तापमानाला येऊ द्या.

---

रंधा_पटाशी

मी लाकडातला माणूस, मला मायक्रॉनशी घेणंदेणं नाही 🙂 पण अपूर्णांकाचं विचारलंय ते सांगतो कारण ते आमचं रोजचं.

लक्षात ठेवायचा एकच आकडा, १.२६. मिमीला १.२६ ने गुणलं की थेट बत्तिसावे भाग मिळतात. (३२ भागिले २५.४ करून बघा.) समजा ४७ मिमी आहे, ४७ गुणिले १.२६ म्हणजे ५९.२, म्हणजे ५९ बत्तिसांश, त्यातून ३२ चा एक इंच काढला, उरले २७. झालं, १ इंच २७/३२. उलट तपासलं तर ४६.८३ मिमी, पावणेदोन दशांश मिमी कमी, लाकडाला चालतं. सोळावे भाग हवे असतील तर ०.६३, चौसष्टावे हवे तर २.५२. चौसष्टावे मी तरी पट्टीवर वाचत नाही, डोळे दुखतात आणि पेन्सिलची रेघच तेवढी जाड असते.

सुतात बोलणाऱ्यांसाठी, इंचाचे आठ सूत, एक सूत ३.१७५ मिमी. पाच सूत १५.८७५, म्हणून १६ मिमीला सगळे पाच सूत म्हणतात. सहा सूत म्हणजे पाऊण इंच, १९.०५. या जोड्या तोंडपाठ असाव्यात, ८ मिमी अडीच सूत, ११ मिमी साडेतीन सूत, १६ ला पाच, १९ ला सहा, २२ ला सात. यातली १९ ची सगळ्यात जवळची जोडी आहे, नुसता अर्धा दशांश फरक. पण १० मिमीला तीन सूत म्हणतात ना, ते बोलण्यापुरतंच धरा, तीन सूत म्हणजे ९.५२५, अर्ध्या मिलिमीटरचा फरक आहे तो.

आणि खरं दुखणं कुठे आहे सांगू का, प्लायमध्ये. १८ मिमीच्या प्लायला लोक सर्रास पाऊण इंची म्हणतात आणि पाऊण इंची राऊटर बिटने खाच मारतात. खाच पडते १९.०५ ची, प्लाय १८ चा (आणि खरं मोजलं तर बरेचदा त्याहूनही कमी), एक मिलिमीटरचा ढिलेपणा. शेल्फ डुगडुगतं, मग ग्लू भरा, पाचर मारा. माझी पहिली पूर्ण कपाटाची फ्रेम अशीच गेली, सगळे कप्पे हलत होते आणि मला दोन दिवस कळलंच नाही की चूक नावात आहे. २३/३२ चं बिट येतं ते १८.२६ पडतं, ते बरोबर बसतं. नाहीतर बारीक बिट घेऊन दोन फेऱ्यांत खाच करा, प्लायचा तुकडा स्वतः लावून बघत.

म्हणून आमच्यात जवळचा आकडा कुठला हा प्रश्नच चुकीचा. खाच किंवा भोक असेल तर रूपांतर वरच्या बाजूला करायचं, त्यात बसणारी वस्तू असेल तर खालच्या. ताईंनी आतल्या बाजूला म्हटलं तसंच काहीसं, पण आम्ही डोळ्याने करतो.

---

आटेवाला

सगळ्यांचं वाचलं, छान चाललंय. एक महत्त्वाची गोष्ट कोणी बोललं नाही, आटे. जिथे आटे आहेत तिथे मिमी-इंच रूपांतर करून "जवळपास सारखंच आहे" असं कधीही म्हणायचं नाही.

५/१६ चा यूएनसी (अमेरिकन इंची आटा) बोल्ट ७.९४ मिमीचा, एम८ (मेट्रिक आटा) आठचा. हातात दोन्ही घेतले तर फरक कळत नाही. पण ५/१६ यूएनसीला इंचात १८ आटे, म्हणजे पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.४११ मिमी, आणि एम८ ची पिच १.२५. नट एक-दीड आटा चढतो आणि मग जड होतो, लोकांना वाटतं रंग लागलाय किंवा गंज आहे, पाना लावून ओढतात आणि दोन्हीचे आटे जातात. हाताने चढत नसेल तर थांबायचं आणि पिच गेज लावायचा. इंचाच्या आट्याची पिच मिमीमध्ये काढायला २५.४ ला टीपीआयने (इंचात किती आटे त्या आकड्याने) भागायचं. १/४ यूएनसी २० टीपीआय म्हणजे १.२७, एम६ म्हणजे १.०, जवळपासही नाही. व्हिटवर्थ (जुना ब्रिटिश आटा) असेल तर कोनच वेगळा, ५५ अंश, मेट्रिक आणि यूएनसी दोन्ही ६०.

पाइपच्या आट्यात तर इंच हा शब्द मापच नाहीये, नाव आहे. अर्धा इंच बीएसपी (ब्रिटिश पाइप आटा) मोजून बघा, आट्याचा बाहेरचा व्यास २०.९५५ मिमी येतो. १२.७ शोधत बसाल तर पाइपवर कुठेच सापडणार नाही.

नवा_टर्नर, तुमची लेथ इंचाची आहे म्हणजे लीड स्क्रूपण (आटे काढताना टूल पुढे सरकवणारा लांब स्क्रू) इंचाचा असणार, पुढे कधीतरी मेट्रिक आटे काढायची वेळ येईल तेव्हासाठी सांगतो. १२७ दातांचं गिअर शोधून ठेवा. ५ इंच म्हणजे बरोबर १२७ मिमी, आणि १२७ हा मूळ आकडा, त्याला तोडता येत नाही, म्हणून तेच दात लागतात. लीड स्क्रू ८ टीपीआय असेल आणि १.५ ची पिच काढायची असेल तर हिशोब येतो ६० वर १२७, चालवणारं ६० आणि चालणारं १२७, नेमकं. १२७ चं गिअर मोठं असतं, छोट्या लेथवर बसत नाही, तेव्हा ६३ दातांच्या गिअरने जमवतात कारण ८० भागिले ६३ हे १.२७ च्या अगदी जवळ, फरक ०.०१२५ टक्के. ५० मिमी लांब आट्यावर ६ मायक्रॉन. नट-बोल्टला कोणाला कळणारही नाही. लांब फीड स्क्रू करायचा असेल तर मात्र १२७ च.

आणि हो, इंचाच्या लीड स्क्रूवर मेट्रिक आटे काढताना हाफ नट (टूलची गाडी लीड स्क्रूला जोडणारा, उघडता येणारा नट) उघडायचा नाही. आट्याची डायल त्या वेळी खोटं बोलते. टूल मागे घ्या, मोटर उलटी फिरवा, परत या. हाफ नट उघडलात की दुसरा कट पहिल्याच्या वाटेत पडत नाही, सगळा आटा खरवडून निघतो.

---

जी_कोड

फक्त एक ओळ सीएनसीवाल्यांसाठी, प्रोग्रॅमच्या सुरवातीला जी२० (इंच) की जी२१ (मिमी) ते दर वेळी लिहाच, मशिन आधी कुठल्या मोडवर होती त्याच्या भरवशावर राहू नका. १० मिमीची चाल इंच मोडवर २५४ मिमी होते, आणि ती वाटेत व्हाइस आहे की क्लँप ते बघत नाही.

---

नवा_टर्नर

मंडळी तीन आठवड्यांनी परत आलोय. खरंच मनापासून आभार, एवढं कोणी बसून समजावलं नव्हतं.

काय झालं ते सांगतो. ड्रॉइंग परत बघितलं, २५ च्या पुढे के६ होतंच, मी ते पार्टचा नंबर समजलो होतो. ताई तुमचा तो तीन दशांशांत आकडाच बसत नाही हा हिशोब मी तीनदा करून बघितला, खरंच बसत नाही, इतके दिवस हाताला दोष देत होतो.

पट्टी नवीन केली, काकांनी सांगितलं तसं पहिलं भोक शून्य, सगळी ठिकाणं मिमीमध्ये लिहून मग भागाकार, डायल एकाच दिशेने. पहिल्या आणि शेवटच्या भोकाच्या आतल्या कडा आणि बाहेरच्या कडा मोजून मधलं काढलं, १४३.९८ आलं. समोरचा पार्ट सगळ्या ९ भोकांत एकदम बसला.

नव्या शाफ्टवर अडलोय. २५-५० चा मायक्रोमीटर मिळवला, ड्रॉइंगच्या २५.०१५ पर्यंत यायला शेवटी ०.०३ मिमी काढायचंय असं दिसतंय पण माझी क्रॉस स्लाईडची (टूल जॉबकडे आत-बाहेर नेणारी स्लाईड) एक रेघ म्हणजे एक थाउ, तेवढ्यात व्यास किती उतरतो तेच कळेना. एकदा एक रेघ दिली तर मला वाटलं त्याच्या दुप्पट गेलं. एवढं बारीक कसं काढायचं? जॉब अजून चकमध्येच आहे, हात लावलेला नाही.

---

जुना_लेथवाला

हात लावला नाहीस हे फार बरं केलंस.

दुप्पट गेलं हे बरोबरच आहे. काही लेथच्या डायल व्यास दाखवतात, काही टूल किती आत गेलं ते. तुझी दुसऱ्या प्रकारची. टूल एक थाउ आत म्हणजे व्यास दोन थाउ कमी, ०.०५१ मिमी. तुला हवेत ०.०३, म्हणजे एका रेघेलाही जास्तच होतं.

कंपाउंड (क्रॉस स्लाईडवरची, कोनात फिरवता येणारी छोटी स्लाईड) फिरव. जॉबच्या अक्षाला पावणेसहा अंशांवर लाव (५.७४ अगदी नेमकं, त्याचा साइन ०.१ येतो). आता कंपाउंडची एक रेघ दिलीस की टूल जॉबकडे रेघेच्या दहाव्या भागाने जातं. एक थाउ फिरव, टूल आत जातं ०.०००१ इंच, व्यास उतरतो ०.०००२, साधारण ५ मायक्रॉन. अंश बघताना जप, काही कंपाउंडवर शून्य म्हणजे अक्षाला समांतर आणि काहींवर काटकोनात, डोळ्याने बघून खात्री कर की कंपाउंड जवळजवळ बेडच्या दिशेला पडलाय. टूलला नीट धार लाव, बोथट टूल ५ मायक्रॉनचा कट घेतच नाही, नुसतं घासतं आणि मग एकदम खोल घेतं. २५.०२ ला येऊन थांब, थंड होऊ दे, मोज, उरलेलं बारीक एमरी पेपरने काढलंस तरी चालेल.

आणि त्याआधी एक तपास, मिमीचा डायल गेज लावून क्रॉस स्लाईड आणि कंपाउंड दोन्हींचे तीन-तीन फेरे मोज. जुन्या मशिनचा स्क्रू कोणी बदललाय का कळत नाही. फेऱ्याला ०.१०० इंच लिहिलं असेल तर तीन फेऱ्यांत ७.६२ यायला हवं.

---

नवा_टर्नर

काका मोजलं. क्रॉस स्लाईड ७.६२, बरोबर. कंपाउंड तीन फेऱ्यांत ७.५०! दोनदा बघितलं, दर वेळी ७.५०. डायलवर १०० रेघा आणि ०.१०० लिहिलंय. म्हणजे मी इतके दिवस कंपाउंडवर जे थाउ मोजले ते...?

---

मोजमाप

ते थाउ नव्हते. कोणीतरी कधीतरी २.५ पिचचा मेट्रिक स्क्रू टाकलाय आणि डायल जुनीच ठेवलीय, दर मापात १.६ टक्के कमी जातंय. छोट्या कटला कळत नाही, अर्धा इंच सरकवलंत की दोन दशांश मिमी कमी पडतं.

पण तुमच्यासाठी ही चांगली बातमी आहे. २.५ मिमीला १०० रेघा म्हणजे एक रेघ बरोबर ०.०२५ मिमी. कंपाउंडवरचं "०.१००" खोडा, चिकटपट्टीवर "१ रेघ = ०.०२५ मिमी" लिहून लावा. पावणेसहा अंशांवर एक रेघ म्हणजे टूल अडीच मायक्रॉन आत, व्यास ५ मायक्रॉन कमी. तुमचा शेवटचा कट आता थेट मिमीमध्येच करा.

---

नवा_टर्नर

झालं. २५.०२१ वर थांबलो, चहा होईपर्यंत थंड होऊ दिला, दोन रेघा दिल्या, मायक्रोमीटर २५.०११. बेअरिंग प्रेसवर सरळ बसलं, हाताने निघत नाही. चिकटपट्टी लावलीय कंपाउंडवर.